दंडावरच्या दोन फिती

तात्यांना कुणी 'मेजर' म्हटलेलं खपत नसे. आता आमच्या सातारा भागात हे जरा अवघडच. इकडं पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून गेला आणि शिपाई म्हणूनच परत आला, तरी एसटीतून ट्रंक उतरवेपर्यंत पानपट्टीवाला हाक मारणार, "या मेजर." त्यात कुणाचं काही जात नाही. पण तात्या जागच्या जागी थांबायचे, हाक मारणाऱ्यापाशी माघारी जायचे आणि शांतपणे सांगायचे, "मेजराच्या खांद्यावर सिंह असतोय गड्या. माझ्या खांद्यावर टावेल हाय. मी हवालदार. तीन फिती." आणि सदऱ्याच्या उजव्या बाहीवर, दंडाच्या बरोबर मध्ये, तीन बोटं टेकवून दाखवायचे. समोरच्याला हसावं की उठून उभं राहावं ते कळायचं नाही. गावानं मग त्यांना पाठीमागं 'फितीतात्या' म्हणायला सुरुवात केली. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "चाललं. हे निदान खरं हाय."

मी शिंपी माणूस. उंब्रजहून आत येणारा रस्ता आमच्या गावात संपतो, तिथं स्टँडसमोर माझं दुकान. शाळेचे गणवेश, सदरे, लेंगे, लग्नसराईत एखादा सफारी. तात्या निवृत्त होऊन आले त्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी आपला लष्करी कोट माझ्यापुढं ठेवला. तो ते घालत नसत. नोकरी संपली की वर्दी संपली, असं त्यांचं म्हणणं. पण वर्षातून एकदा कोट उन्हात टाकायचा आणि फितीचा टाका सैल झाला असेल तर माझ्याकडं आणायचा, हा नेम. मी आपला अंदाजानं फीत बसवायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला दोन गाठी होत्या. एक गाठ खांद्याच्या शिवणीवर धरायची, दुसरी जिथं येईल तिथं फितीची वरची कड. "टेलर," ते म्हणाले, "तुमचा अंदाज झबल्याटोपड्याला वापरा." मला राग आला होता. वीस वर्षं मशीन मारणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. पण त्या दिवसापासून त्यांच्या कपड्याला मी टेप लावली नाही.

त्यांच्यामुळंच मला ही सगळी भानगड कळली. फीत म्हणजे टोक खाली असलेली दुमडती पट्टी. एक असली की लान्स नायक, दोन असल्या की नायक, तीन म्हणजे हवालदार. तिथं दंड संपतो. त्याच्या पुढं गेलं की खांदा सुरू होतो आणि खांद्यावर तारे येतात. त्यातही गंमत आहे. सुभेदाराला दोन तारे आणि कालच भरती झालेल्या लेफ्टनंट साहेबालाही दोनच. फरक एवढाच, की सुभेदाराच्या ताऱ्यांजवळ एक बारीक लाल-पिवळी पट्टी असते. "पट्टी हातभरावरनं दिसती, तारा फर्लांगावरनं," तात्या म्हणायचे. "लोकं फर्लांगावरनंच बघत्यात." एकदा मला विचारलं, "फितीचं टोक खाली कोपराकडं का असतंय, ठावं हाय?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "हात चालला पायजे म्हणून. तारेवाला सांगतो, फीतवाला करून दावतो." हे कुठल्या नियमात आहे की त्यांनी स्वतःच रचलं होतं, मला माहीत नाही.

लोक फर्लांगावरून बघतात हे मी स्वतः पाहिलं आहे. तात्या नोकरीत असताना एकदा पंधरा ऑगस्टला रजेवर आले होते आणि शाळेच्या झेंडावंदनाला वर्दीत आले. बंदोबस्ताला एक नवीन फौजदार होता, तरणाबांड, खांद्यावर दोन तारे. त्यानं तात्यांच्या दंडावरच्या तीन फिती लांबूनच पाहिल्या आणि ओरडला, "ओ हवालदार, गर्दी मागं घ्या जरा." त्याला वाटलं, हा आपल्याच चौकीतला. पोलिसातल्या हवालदारालाही तीनच फिती असतात ना. वर्दीचा रंग कोण बघतो? आम्ही चारचौघं चिडून पुढं झालो, तोवर तात्यांनी हात पसरून पोरंबाळं मागं सारायला सुरुवातही केली होती. नंतर मी विचारलं, "तात्या, बोलला का न्हाई त्याला?" तर म्हणाले, "गर्दी मागं घ्यायचीच हुती की."

पण मनाला लागत नव्हतं असं मी म्हणणार नाही. हौसाकाकी, म्हणजे तात्यांची बायको, मेढ्याकडची. तिकडं काकींचे थोरले भाऊ सुभेदार होऊन आलेले. माहेरच्या कुठल्याही कार्याला सुभेदारांना सोफ्यावर बसवायचे आणि तात्यांना सतरंजीवर, मांडवाच्या कडेला. भाऊ काही वाईट नव्हते, लोकांचीच रीत तशी. परत येताना काकी एसटीत कधीतरी म्हणून जायच्या, "एक तारा लागला असता तर काय झालं असतं?" तात्या खिडकीबाहेर बघायचे. ताऱ्यासाठीची परीक्षा दोनदा दिली होती त्यांनी, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल. तोही पलटणीत गेला. तो रजेवर आला की तात्या त्याला जवळ घ्यायचे नाहीत, गालावरून हात फिरवायचे नाहीत. तो पाया पडून उठला की त्याच्या उजव्या दंडावर दोनदा थाप मारायची आणि विचारायचं, "फीत हाय न्हवं जाग्यावर?" अमोलनं म्हणायचं, "हाय, तात्या." झालं, बापलेकांची भेट संपली. पहिली फीत मिळायच्या आधीसुद्धा ते हेच विचारायचे आणि अमोल हसत म्हणायचा, "यायची हाय, तात्या." काकी आतून बघायच्या आणि म्हणायच्या, "मेल्यांनो, जरा माणसासारखं भेटा की."

त्याची दुसरी फीत मी शिवली. नायक झाला तेव्हा रजेला निघताना त्यानं नवीन फिती आणि वर्दी सोबतच आणली, कारण तात्यांनी फोनवर बजावलं होतं की टाका आपल्या टेलरचाच पडला पाहिजे. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. दोघं दुकानात आले. तात्यांनी सुतळी काढली, खांद्याच्या शिवणीवर गाठ धरली आणि मी खडूनं खूण केली. अमोल गमतीनं म्हणाला, "आता आजून एक आली की तुमच्या बरोबर, तात्या." तात्या म्हणाले, "ये की बरोबर. मग बघू कोण कुणाला सावधान करतंय." ते इतके हसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, नंतर तर प्रश्नच नाही.

पुढच्या हिवाळ्यात वर डोंगरात बर्फाचा कडा चौकीवर आला. अमोल आणि त्याच्याबरोबरचे दोघं गेले. तिरंग्यातून त्याला आणला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणूसच माणूस होतं. तात्यांनी त्याला शेवटचा सलाम केला, ताठ उभं राहून, डोळ्यांतून पाणी न काढता. त्यांना त्याला हात लावायचा होता, पण पेटी उघडायची परवानगी नव्हती. त्यांचा हात पेटीवर उजव्या बाजूला, जिथं दंड असेल असं त्यांना वाटलं तिथं जरा वेळ राहिला. मग कुणीतरी त्यांना मागं घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडं अमोलचा ओळखपत्राचा छोटा फोटो होता, गळ्यापर्यंतचा. त्यानं ते डोकं कुठल्यातरी साहेबाच्या धडावर बसवलं. छातीवर पदकं, खांद्यावर दोन तारे, कमरेला तलवार. गावाला ते फार आवडलं. काकी फ्लेक्सखाली उभ्या राहून पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "किती शोभतंय त्याला." तात्या माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, "मुंडकं आमचं हाय टेलर, धड कुणाचं हाय?" मग म्हणाले, "गाव पुतळा बसवणार म्हणतंय. बसवू द्या. मी त्या बैठकांना येत न्हाई, माझ्यानं बसवणार न्हाई तिथं. तुमी हाय कमिटीत. त्याच्या फिती तेवढ्या नीट बघा. तुमाला जागा म्हायती हाय."

मी 'व्हय' म्हणालो. हे मी विसरलो असतो तर निदान विसरभोळा म्हणून सुटलो असतो. विसरलो नव्हतो.

मूर्तिकार मिरजेकडचा, हातानं चांगला. त्यानं अर्धपुतळा केला, खांद्याच्या खाली चार बोटांवर कापलेला, सगळीकडं असतात तसा. बैठकीत मी म्हणालो, फिती दंडावर असतात आणि पुतळ्याला दंडच नाही. सरपंच म्हणाले, "मग दंडाचं ऱ्हाऊ द्या. पर खांदा असा बोडका कसा दिसायचा? पाहुणे येणार. म्हणतील, शिपायाचा पुतळा बसवला." मी म्हणालो, "नायक हुता तो." दुसरा एकजण म्हणाला, "आवं, नायक म्हंजे आपल्याला सिनेमातला वाटतो. तारं टाका, सगळ्यास्नी कळतंय." सगळे हसले. मूर्तिकारानं विचारलं, तारे केवढे असतात, नमुना मिळेल का. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण माझ्या खणात पितळी तारे आहेत हे गावाला माहीत होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना साहेब करायला मी ते ठेवलेले. मी मनाशी म्हटलं, काकी म्हणाल्याच होत्या, शोभतंय. एवढ्या मोठ्या दुःखात चार ताऱ्यांनी कुणाचं काय बिघडणार? आणि मी घरी जाऊन चार तारे आणून दिले. तेच त्यानं स्क्रूनं बसवले, दोन्ही खांद्यांवर दोन-दोन. पट्टीचा कुणाला पत्ताच नव्हता, आणि मला होता तरी मी बोललो नाही.

अनावरणाच्या दिवशी मंडप, भोंगा, सत्कार, सगळं झालं. कापड ओढलं. पुतळा खरोखर अमोलसारखा झाला होता. नाक, कपाळावरची आठी, हुबेहूब. तात्यांना पुढं बोलावलं. ते पुढं गेले तेव्हा त्यांचा उजवा हात आधीच उचलला गेला होता. मी मंडपात तिसऱ्या रांगेत होतो आणि मला तो हात ओळखू आला. तो थाप मारायचा हात होता. मग त्यांची नजर खांद्यावर गेली. हात मध्येच थांबला. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. भोंग्यावरून कुणीतरी घोषणा दिली, बायका रडायला लागल्या, टाळ्या वाजल्या. बापानं हुतात्मा लेकाला केलेला सलाम म्हणून त्याचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. माझ्याच मोबाइलवर तो सात जणांनी पाठवला.

कार्यक्रम संपल्यावर तात्या माझ्याजवळून गेले. थांबले नाहीत, चालता चालता म्हणाले, "साहेब चांगलं हायत, टेलर. आमचा अमोल कुठं ठेवला?"

त्यानंतर रोज सकाळी ते चौकात जायचे. पुतळ्यासमोर तीन पावलांवर उभं राहायचे, सलाम करायचे आणि परतायचे. गावाला त्याचा अभिमान वाटायचा. पाहुण्यारावळ्यांना मुद्दाम दाखवायचे. मला दुकानात बसून ते दिसायचं आणि मशीनवरचा पाय चालायचा नाही. आठ-दहा दिवसांनी मी त्यांना गाठलं. म्हणालो, "तात्या, चुकलो मी. स्क्रूवर बसवल्यात, एका दुपारात काढतो. सरपंचाला मी सांगतो काय सांगायचं ते." त्यांनी पुतळ्याकडं बोट केलं. हौसाकाकी चौथऱ्याच्या पायरीवर चढून उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या, पदरानं पुतळ्याचा खांदा पुसत होत्या. तात्या म्हणाले, "ती रोज पुसती ते तारं. जल्मभर मागितला एक, आता चार मिळालं तिला. नगं काढू." मी म्हणालो, "मग तुमी सलाम तरी करू नगा." त्यावर ते म्हणाले, "दोन तारं हायत, पट्टी न्हाई. हवालदारानं काय करायचं मग? दंडावर थाप मारायची? साहेबाच्या अंगाला कुणी हात लावतं व्हय?"

सव्वा वर्ष हे चाललं. बाप रोज आपल्या पोराला परक्या साहेबासारखा सलाम करून यायचा, आणि त्याला कारण मी. मी किती वेळा रडलो असेन. त्यांचा माझ्यावर राग होता का? असावा. दिवाळीला कोट मात्र त्यांनी माझ्याकडंच आणला.

मग त्यांच्या पोटात पाणी व्हायला लागलं आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा काकी खाली चहाला गेल्या होत्या. तात्या बारीक झाले होते, दवाखान्याच्या सदऱ्यातून हात काडीसारखे दिसत होते. म्हणाले, "टेलर, लोकांस्नी वाटतंय मला ताऱ्याचा राग हाय. राग न्हाई. मिळाला न्हाई तवा लय वाईट वाटलं हुतं, दोन दिस जेवलो न्हाई. पर म्हणून पोराला खोटा नगं. त्यानं दोन फिती कमावल्या हुत्या. त्या कुणालाच दिसत न्हाईत." मग उशीखालून सुतळी काढून माझ्या हातात दिली. "ठेवा. माझ्या कोटाला आता लागत न्हाई." तिसऱ्या दिवशी ते गेले.

दिवस झाल्यावर मी काकींकडं गेलो आणि सगळं सांगितलं. कमिटी, तारे, माझा शब्द, तात्यांचा सलाम कशाचा होता ते. मला वाटलं, आता त्या मला दारातून बाहेर काढतील. त्या परातीत गहू निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, "मला काय सांगतोस? पंचवीस वर्सं फितीच्या बाहीला इस्त्री केली मी. त्याच्या खांद्यावर काय हुतं आन् काय नव्हतं, मला ठावं न्हाई?" मी विचारलं, "मग तुमी बोलला का न्हाई?" म्हणाल्या, "ते रोज सलाम करायचं. मला वाटलं, जल्मभर दुसऱ्याच्या पोरांस्नी सलाम केला, आता आपल्या पोराला करत्यात, तेवढंच सुख. म्हणून पुसत हुते मी तारं. मला काय करायचंत ते?" मग हात थांबला त्यांचा. "शोभतंय म्हणाले हुते मी, टेलर. खरं हाय म्हणाले नव्हते." आणि परातीवर वाकून त्या रडायला लागल्या. एका घरात दोन माणसं, एकमेकांसाठी गप्प बसलेली.

दुसऱ्या दिवशी मी चौथऱ्यावर चढून चारी तारे काढले. सरपंच धावत आले, म्हणाले, "हुतात्म्याचा हुद्दा उतरवताय तुमी." काकी खाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उतरवत न्हाई. त्याचा त्याला देतुय." वीरमातेपुढं कोण बोलणार? सरपंच अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या घरचे गणवेश आता उंब्रजला शिवतात.

पण फिती कुठं लावायच्या? दंडच नव्हता. मी सुतळी काढली. एक गाठ पुतळ्याच्या उजव्या खांद्याच्या शिवणीवर धरली आणि सोडून दिली. दुसरी गाठ पुतळ्याच्या खाली, ज्या दगडी खांबावर तो बसवला आहे, त्याच्या कडेवर आली. मी तिथं खडूनं खूण केली. कराडकडच्या एका पाथरवटानं त्या खुणेपासून खाली दोन फिती कोरल्या, टोक खाली. लांबून त्या दिसतच नाहीत. बाहेरगावचे लोक थांबतात, पुतळ्याच्या रिकाम्या खांद्याकडं आणि तिथल्या भोकांकडं बघतात आणि विचारतात, "साधे जवान होते का?" मी प्रत्येकाला दुकानातून उठून सांगायला जातो. लोक मलाही आता चक्रम म्हणतात.

तात्यांना हे बघायला मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं आणि ते माझ्या हातात होतं, याच्यावर मला उतारा सापडलेला नाही.

काकी सकाळी येतात. तांब्यातलं पाणी घालून त्या दोन फितींतली धूळ बोटानं काढतात. पहिल्या दिवशी पाथरवट सामान आवरून गेला, तेव्हा त्या खांबापाशी नुसत्याच उभ्या होत्या. मग उजवा हात उचलून त्यांनी दगडावर दोनदा थाप मारली, अगदी तात्यांसारखी.

"हाय रं," त्या म्हणाल्या. "हाय जाग्यावर."